सायलीच्या चाकांवरून राहिलेलं भांडण

विहीणबाई,

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी मी तुमचा फोन मध्येच ठेवून दिला होता. लोक म्हणतात, अशा गोष्टी मनाला लागून राहतात. मला काही लागलेलं नाही. तुम्ही जगला असतात तर दुसऱ्या दिवशी मीच फोन लावला असता आणि पुन्हा मध्येच ठेवला असता. आपलं इतकी वर्षं तसंच चाललं होतं. मला राग आहे तो तुम्ही भांडण अर्धं टाकून गेलात याचा. सकाळी चहा घेतलात, कपबशी मोरीत ठेवलीत, "जरा परते" म्हणून आडव्या झालात आणि उठलाच नाहीत. भांडणाऱ्या बाईनं असं जाऊ नये.

तुमचं शेवटचं वाक्य मला पाठ आहे. "पोरीचं पाय पोरीचं हायेत, तुमचं नायत, विहीनबाय." त्यावर मी म्हणणार होते, पाय तिचे आहेत, पण हट्ट तुमचा आहे. म्हणायच्या आधी फोन ठेवला. तेव्हा आता म्हणते. तुम्हाला वाचता येत नव्हतं, मला चौथीपर्यंतचं येतं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं.

आपल्या दोघींत सायली ही एकच गोष्ट सामाईक. माझ्या मुलाची मुलगी, तुमच्या ज्योतीची मुलगी. टीव्हीवर परदेशातल्या पोरी बर्फावर गिरक्या घेतात, उड्या मारतात, एका पायावर लांब जातात, ते ही पोर चार चाकांच्या बुटांवर करत आली, सातवीत होती तेव्हापासून. आता तेवीस संपली. गेली काही वर्षं तिचा उजवा घोटा सुजतो. प्रश्न एवढाच होता की तिनं आता थांबायचं की अजून खेळायचं. मी म्हणत होते थांब, तुम्ही म्हणत होतात खेळ. तुम्ही 'खेल' म्हणायच्या आणि मला हसू यायचं, ते मी तोंडात पदर धरून दाबायचे. तुम्हाला ते कळत होतं, हेही मला माहीत आहे.

चूल तुम्हीच पेटवलीत, हे मान्य करा. तुमच्या गावची, खरवईची, जमीन गेली, तिथं टॉवर उभे राहिले, घरापुढचं खळं तेवढं तुम्ही सोडलं नाहीत. तुमच्या लेकाला, विलासला, तिथं गाड्या लावायच्या होत्या. तुम्ही गवंडी बोलावलात आणि सगळ्या खळ्याला कोबा करून घेतलात, आरशासारखा घोटून. मला वाटलं भात वाळवायला. शेत नाही तर भात कुठलं, हे माझ्या लक्षात आलं नाही. मग सायलीचे सर आले, मध्ये खिळा ठोकला, दोरी धरून मोठाले गोल काढले आणि पिवळ्या ऑइलपेंटनं रंगवले. त्या रेघेवरून एका पायावर जायचं, चाक रेघ सोडता कामा नये. सायलीनं पहिला गोल पुरा केला तेव्हा तुम्ही ओट्यावरून म्हणालात, "ह्यात काय हाय? मलनीचा बैल पन फिरतो. उरी मारून दाखव, उरी."

तुम्हाला उड्याच आवडायच्या. तिनं हवेत गिरकी घेतली की तुम्ही मांडीवर थाप मारायच्या आणि शेजारच्या टॉवरमधल्या बायका खिडकीत यायच्या. मी तेव्हा डोळे मिटून घ्यायचे. बुटाचा कोब्यावर आपटण्याचा आवाज आला की उघडायचे.

उल्हासनगरला कापड घ्यायला गेलो होतो, आठवतं? पहिल्या मोठ्या स्पर्धेचा ड्रेस. दुकानदार सिंधी, तोंडानं गोड. "माई, ये स्ट्रेच है, खींचके देखो, फटे तो पैसा वापस." तुम्ही दोन्ही हातांनी असं ओढलंत की त्याचा चेहरा उतरला. "शादी का है?" त्यानं विचारलं. तुम्ही म्हणालात, "शादी नाय रे बाबा, पोरगी चाकावर नाचती." तो म्हणाला, "फिर तो टिकली ज्यादा लगाओ, दूर से चमकना मंगता." मी म्हटलं, टिकल्या नंतर, आधी लांबी बघा, एवढासा फ्रॉक घालून पोरगी लोकांसमोर जाणार? दुकानभर माणसं होती. तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "पाय दिसलं नाय तर पाय कसं खेलतात ते बगनार कसं? ही घाटावरची मानसं सगलं झाकून ठेवतात आनि मग बोलतात, काय दिसत नाय." दुकानदारानं हसून दोन चहा मागवले. मी चहा प्यायले नाही. तुम्ही माझाही प्यायलात.

त्या निळ्या ड्रेसमध्ये ती छान दिसली, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगितलं.

यंदा पावसाळा संपता संपता ती खळ्यावर सराव करून आली, ओट्यावर बसली आणि नाडी सोडता सोडता म्हणाली, "मला वाटतं आता पुरे." आपण दोघी तिथंच होतो. तुम्ही वाल सोलत होतात. तुमच्या हातातला वाल खाली पडला.

"कसलं पुरे?" तुम्ही म्हणालात.

"बारा-तेरा वर्षांच्या मुली येतात आता, आजी. माझ्याकडून होत नाहीत त्या उड्या त्या हसत मारतात. सर म्हणतात, लहान मुलांना शिकवायला ये."

"शिकव की. नोकरी आहे ती," मी म्हटलं.

"अंग चालतंय तोवर थांबायचं नाय," तुम्ही म्हणालात. "मी भाताची लावनी सोरली ती जमीन गेली म्हनून. कंबर दुखती म्हनून नाय सोरली."

मी म्हटलं, म्हणूनच तुमची कंबर अशी झाली. मी बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला होते, हात चालत होते तेव्हाच सोडलं. ज्या बायका गेटला टाळं लागेपर्यंत राहिल्या त्यांना शेवटी वॉचमननं बाहेर काढलं. माझं मी ठरवून निघाले. चहा पाजला मला सगळ्यांनी. तुम्ही म्हणालात, चहासाठी काम सोडणारी बाई पहिल्यांदा बघितली. मग आपण जमीन, कारखाना, ज्योतीचं बाळंतपण, सगळं काढलं. सायली बूट पिशवीत घालून स्कूटीवरून निघून गेली, तरी आपलं चालूच होतं. तिला आणखी काही सांगायचं होतं का, हे ना तुम्ही विचारलंत ना मी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात.

दहाव्याला नदीवर आम्ही सगळे होतो. हल्ली बायकाही जातात. विलासनं पिंड मांडले, आम्ही मागं सरकून उभे राहिलो. कावळे होते, पण तुमच्याकडे येईनात. शेजारी दुसऱ्या कोणाचा दहावा होता, त्यांनी पिंडाबरोबर वडे आणि शेव-गाठीही ठेवली होती. सगळे कावळे तिकडे. मी बघत होते. बाकीचे बघत नव्हते, ते हात जोडून तुमच्या मनात काय राहिलं ते शोधत होते.

विलास म्हणाला, "आई, खळ्यावर गाडी लावणार नाही." कावळा आला नाही.

ज्योती रडत म्हणाली, "आई, वहिनीशी नीट वागेन." नाहीच आला. वहिनीनं तिच्याकडे बघितलं तेवढं.

ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायच्या बेतात होते. तेवढ्यात विलास मोठ्यानं म्हणाला, "आई, सायली खेळेल. पुढच्या मोठ्या स्पर्धेच्या निवड चाचणीला जाईल, उड्या मारेल. मी तुला शब्द देतो." आणि विहीणबाई, एक कावळा भिंतीवरून उतरला, दोन पावलं चालला आणि तुमच्या पिंडाला चोच लावली.

सगळ्यांना रडू फुटलं. "जीव तिथंच अडकला होता," कोणीतरी म्हणालं. ज्योती सायलीच्या गळ्यात पडली. सायली रडत नव्हती. ती आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. डॉक्टर सुई भरत असतो तेव्हा लहान मूल बघतं तसं.

त्या पोरीला कोणी विचारलंच नव्हतं.

पुढे काय झालं ते सांगते. ती रोज पहाटे खरवईला जायला लागली. घोटा पट्टीनं आवळायचा, वर मोजा, वर बूट. चेहरा पाणी भरायला निघालेल्या बाईसारखा. मी ज्योतीला म्हटलं, हिला थांबव. ज्योती म्हणाली, "आई, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द आहे. मोडला आणि पोरीला काही झालं तर?" मी म्हटलं, पाळला तर नक्की होईल, पाय बघ तिचा. ती म्हणाली, "तुम्हाला आधीपासून नकोच होतं." आता याला काय उत्तर देणार? नकोच होतं.

एके दिवशी मी स्वतः खरवईला गेले. सायली उडीवरून पडली होती. दोन्ही हात कोब्यावर टेकून बसली होती, उठायची घाई करत नव्हती. विलास ओट्यावर उभा राहून म्हणत होता, "हा, परत, परत. आजी बघतेय."

मी त्याला बाजूला घेतलं. "शब्द कोणी दिला?"

"मी दिला, मावशी."

"मग तू घाल चाकं."

"मावशी, चेष्टा नका करू. कावळा शिवला ना! तुम्ही पण बघितला."

"बघितला. शेजारची शेव-गाठी संपली तेव्हा आला. मी तेही बघितलं."

तो हळूच म्हणाला, "आणि आईनंच पाठवला असेल तर?"

विहीणबाई, खरं सांगते, यावर मी अडले. तुम्ही पाठवलाही असेल. तुम्हाला ती खेळायला हवी होती हे तुम्ही कधी लपवलं नाही, मेल्यावर का लपवाल? कावळा भुकेचा होता की तुमचा होता, मला माहीत नाही. पण तुमचा असला तरी मी ऐकणार नव्हते. तुम्ही जिवंत असताना तुमचं ऐकलं नाही, आता कावळ्याचं का ऐकू?

शब्द परत कसा घ्यायचा ते मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. भटजींना विचारलं तर ते म्हणाले, असं कोणी विचारत नाही. तेव्हा माझं मीच ठरवलं. तुम्हाला जाऊन महिना झाला, महिन्याचं पान वाढायचा दिवस आला. तुमच्यात त्या दिवशी पानात मासळी चालते, आमच्यात चालत नाही. तरी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि तुमचे आवडते सुके बोंबील मी माझ्या हातानं वाढले. बोंबील भाजताना नाकाला पदर लावला होता, तो लावणारच. पान खळ्याच्या कडेला भिंतीवर ठेवलं. विलास, ज्योती, सायली मागं उभे. ज्योतीनं सायलीचा दंड घट्ट धरला होता.

मी मोठ्यानं म्हटलं, "विहीणबाई, तुमच्या लेकानं नदीवर शब्द दिला. तो त्याचा नव्हता. जिचा होता तिला विचारलं नव्हतं. तो मी परत घेते. पोरगी खेळेल नाही तर थांबेल, तिचं ती बघेल. तुम्हाला राग आला तर माझ्यावर काढा, मी अंबरनाथलाच आहे, पत्ता तुम्हाला माहीत आहे."

मग आम्ही वाट बघत राहिलो. कावळा टॉवरच्या गच्चीवर बसला होता. मान वाकडी करून बघत होता, येत नव्हता. ज्योती म्हणाली, "आई, नाही येत. बघा, नाही येत." मलाही भीती वाटत होती, उगीच नाही म्हणणार नाही. सायलीचा दंड ज्योतीच्या बोटांनी पांढरा पडला होता.

इतक्यात भिंतीवरून शेजारचं मांजर आलं, भाकरीकडे बघितलंही नाही, मोठा बोंबील उचलला आणि चालतं झालं.

सगळ्यांत आधी सायली हसली. मग विलास. ज्योती ओरडली, "अरे, हाकला त्याला!" तोवर ते टॉवरच्या कंपाउंडमध्ये गेलंही होतं. सायलीनं आईची बोटं एकेक करून दंडावरून सोडवली आणि म्हणाली, "आता मी बोलू?"

"बोल," मी म्हटलं.

"मी चाचणीला जाणार. पण उड्यांना नाही. फक्त गोलांना. त्याची वेगळी स्पर्धा असते, एवढी वर्षं तुम्हाला दोघींना सांगत आलेय. तू डोळे मिटून बसायचीस, आणि तिला तो बैल वाटायचा."

बघा, विहीणबाई. आपण खेळ आणि थांब, थांब आणि खेळ करत बसलो, आणि तिसरं काही असतं हे ना तुमच्या डोक्यात आलं ना माझ्या.

गेल्या रविवारी चाचणी झाली. मी गेले होते. गोलांना गाणं नसतं, टिकल्या नसतात, साधा काळा ड्रेस. परीक्षक अगदी जवळ येऊन वाकून चाकाकडे बघतात, रेघ सुटली का म्हणून. मला वाटलं होतं कंटाळा येईल. विहीणबाई, एवढ्या हॉलमध्ये चाकांची घरघर तेवढी ऐकू येत होती. ती डाव्यावर गेली, मग पाय बदलून उजव्यावर आली. सुजलेल्या. अर्ध्या गोलात घोटा हलला. मला दिसला. परीक्षक आणखी खाली वाकला. तिनं हात जरासा बाहेर काढला, श्वास धरला, पाय टेकला नाही, आणि रेघ धरून गोल पुरा केला. मी यावेळी डोळे उघडे ठेवले होते. काय करणार, तुमच्या वाटणीचंही मलाच बघायचं होतं.

निकालाचा कागद लागायच्या आधीच ती माझ्याजवळ आली, बाकावर बसली, बूट काढले. "आजी, निवड झाली तर तेवढी स्पर्धा खेळेन. नाही झाली तर आज शेवट. पुढच्या वर्षी नाही. सोमवारपासून सरांकडे लहान मुलांना घेते."

कागद लागला. निवड झाली नाही. तिच्या पुढं एक बारक्या चणीची मुलगी गेली, दातांना तारा लावलेली. सायलीनं तिला जाऊन शाबासकी दिली आणि परत येऊन पिशवी भरायला लागली. रडली नाही. डोळे लाल होते, पण हात नीट चालत होते.

सगळं माझ्या मनासारखं झालं होतं. हवं होतं ते मिळालं होतं. मी गप्प बसायला हवं होतं. पण त्या बाकावर तुमच्या बाजूनं बोलणारं कोणी नव्हतं. ज्योती घरी, बरोबर आलेला विलास गाडी काढायला गेलेला. मला ते बघवेना. म्हणून मीच म्हटलं, "सायली, थोडक्यात गेली निवड. अंग चालतंय अजून. आणखी एक वर्ष बघ की."

तिनं पिशवीतून मान वर केली. "आजी, तू? तू म्हणतेस हे?"

"मी नाही म्हणत. खरवईची आजी म्हणतेय."

तिनं पिशवीची चेन लावली.

"तिला सांग, नाही," ती म्हणाली.

मी आणखी एकदा आग्रह करून बघितला, तुम्ही केला असतात तसाच, जरा मोठ्या आवाजात. आजूबाजूच्या आया वळून बघायला लागल्या. पोरगी बधली नाही.

तेव्हा, विहीणबाई, सांगते: ती नाही म्हणाली.